ऑपरेटर आले की मशीन बंद

बाबाराव ऑपरेटर एका हातानं नमस्कार करतात. उजवा छातीशी, डावा पाठीमागं. नव्या माणसाला वाटतं, हा गडी माजलेला तरी आहे नाहीतर डाव्या हातानं अधू तरी. दोन्ही खरं नाही. ते तीस वर्षं विजेच्या सबस्टेशनवर होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका जुन्या माणसानं त्यांना शिकवलं, की चालू पॅनेलपुढं उभं राहायचं तर एक हात मागं ठेवून. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून आरपार जातो. नोकरी संपली, हात मागंच राहिला. जेवताना मागं, कडी काढताना मागं, गिरणीवर ज्वारीचा डबा ठेवताना मागं. मारुतीच्या देवळात आरतीला एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणून ते मांडीवर थापा मारतात.

दुसरी खोड वेळेची. सबस्टेशनवर दर तासाला वहीत आकडे चढवायचे असत. व्होल्टेज किती, लोड किती, कोणता फीडर, म्हणजे गावांकडं जाणारी लाइन, कधी बंद केला, कधी चालू केला. ती वही तिथं राहिली, यांनी घरी दुसरी सुरू केली. दूध कधी आलं, नळ कधी सुटला, कुत्रं किती वेळ भुंकलं. आमच्या गल्लीत एक लग्न होतं. सगळे अक्षता मुठीत धरून उभे, आणि हे भटजींना म्हणतात, "महाराज, अकरा मिनिटं लेट हाय. लिवून ठेवलंय." नवरदेवाच्या मामाला वाटलं, मुलीकडचे भांडण काढायलेत. ते मिटवायला आणखी वीस मिनिटं गेली. तीही त्यांनी लिहिली.

'लाइट गेली' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "जात न्हाई वहिनी. कुणीतरी घेतो. गेलेली येगळी, घेतलेली येगळी." गेलेली म्हणजे बिघाड, घेतलेली म्हणजे मुद्दाम बंद केलेली. आमच्या सोनपेठात लाइट बंद झाली की लोक त्यांना विचारतात, "ऑपरेटर, गेली का घेतली?" ते मिनिटभर कान देऊन उभे राहतात आणि सांगतात. बहुतेक वेळा बरोबर निघतं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तिसरी खोड, 'एका वेळी एकच'. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. दोन बदलल्या तर कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही, आणि कळलं नाही तर दुरुस्त झालं म्हणायचं नाही. त्यांची बायको शांता वारल्यावर ते स्वतः रांधायला लागले. डाळ शिजेना. पहिल्या दिवशी डाळ बदलली. दुसऱ्या दिवशी डाळ जुनीच, भांडं बदललं. मग गॅस मोठा केला, मग झाकण बदललं. नऊ दिवस कच्चं वरण खाल्लं आणि दहाव्या दिवशी मला सांगायला आले, की दोष पाण्यात आहे, नव्या बोअरचं पाणी जड आहे.

मी म्हटलं, "मला पयल्या दिवशी इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

"सांगितलं असतं वहिनी, पण सबूत कुठं होता?"

ते माझ्या मालकांचे दोस्त, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते. मालक गेले, पुढं शांता गेली. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्यांच्या आणि आमच्या घरात दोन घरं आणि एक गटार. शांता गेल्यावर ते रोज सकाळी आमच्याकडं यायला लागले. दुसऱ्या कुणाच्या दारात ते बसत नसत. लोक त्यांना मान द्यायचे, पण मिनिटं ऐकायला कंटाळायचे.

आमच्या पुढच्या खोलीत माझ्या सुनेचं, वैशालीचं, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती, पेन्शन. माझा मुलगा पाथरी रोडला जीप चालवतो. जीप कधी चालते, कधी उभी राहते. घर चालतं ते वैशालीच्या दुकानावर. मी दारात बसते. रांग मोडणाऱ्याला मागं लावणं, कागद अपुरे असलेल्याला परत पाठवणं, तंबाखू थुंकणाऱ्याला बाहेर काढणं, हे माझं काम. त्याला चौथी शिक्षण पुरतं.

सकाळी सव्वादहाच्या सुमाराला ऑपरेटर यायचे. "दहा वाजून सतरा मिनिटं, वहिनी," असं म्हणून ओट्यावर पाय ठेवायचे आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसायचे. वैशाली हातातलं काम ठेवून चहा टाकायची. ते गिऱ्हाइकांना विचारायचे, "तुमचं गाव कंच्या फीडरवर?" गाव सांगितलं की त्या फीडरचा सगळा इतिहास. कुठं खांब वाकला होता, कुठल्या साली डीपी जळाली. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना मग ओळख पटायची. मोटारीला लाइट द्या म्हणून ज्याला जन्मभर फोन केले, तो हाच आवाज.

"तुमीच का ते? लय शिव्या दिल्यात बरं का तुमाला."

"मालूम हाय. वख्तासगट लिवलेल्या हायेत."

सगळी खोली हसायची. वैशालीसुद्धा हसायची, आणि ती फार हसणारी बाई नाही.

मागच्या वर्षी वैशालीनं जुना लॅपटॉप घेतला. दोन-तीन महिने बरा चालला आणि मग मध्येच थिजायला लागला. पडदा तसाच, अक्षरं तशीच, बाण आहे तिथं. बटणं दाबा, झाकण आपटा, देवाचं नाव घ्या, काही हालत नाही. शेवटी बटण दाबून धरून बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. तोवर अर्धा भरलेला फॉर्म गेलेला. त्या गिऱ्हाइकाचा सगळा कागद पुन्हा पहिल्यापासून.

परभणीला एका दुकानदाराकडं दिला. त्यानं चार दिवस ठेवून घेतला, सबंध वेळ त्याच्यावर सिनेमे लावून बघितले, आणि म्हणाला, "याला काही झालेलं न्हाई, एकदाबी बंद पडला न्हाई." घरी आणला त्याच दुपारी थिजला. पुन्हा नेला. त्यानं आतलं सगळं पुसून नवं भरलं, मेमरीचा एक तुकडा बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या."

नवीन घ्यायची ऐपत नव्हती. आणि पीकविम्याचे दिवस आलेले. आमच्या दुकानाचं वर्ष त्या तीन आठवड्यांवर असतं. स्टँडजवळ दुसरं दुकान आहे. लोक दोनदा परत गेले की तिकडं जातात आणि मग पुढच्या वर्षीही तिकडंच जातात. वैशाली म्हणाली, "आत्या, हे आसंच राहिलं तर दिवाळीपर्यंत मी दुकान बंद करते. कापूस येचायला जाते." ती बोलते ते करते. मी घाबरले.

माणूस घाबरलं की कारण शोधायला लागतं. आणि मी दिवसभर दारात बसणारी. मला दिसलं, की मशीन थिजते ती ऑपरेटर आल्यावर. आले, बसले, बोलायला लागले, थोड्या वेळानं वैशाली म्हणणार, "गेली." आज झालं, उद्या झालं. गिऱ्हाइकांच्याही लक्षात आलं. एक बाई तर म्हणाली, "म्हातारं आत यायच्या आधी माजा फॉर्म भरून घे बाई."

एका सकाळी खोलीत आठ-दहा माणसं होती. एका शेतकऱ्याचा फॉर्म तिसऱ्यांदा गेला, तो चिडून उठला आणि स्टँडकडं निघाला. ऑपरेटर स्टुलावर बसलेले, हातात चहा.

मी म्हटलं, "भावजी, तुमी पांढऱ्या पायाचे हाव. तुमी आलाव की मशीन बंद पडती."

लोक हसले. ऑपरेटर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती येळा?"

"दर येळी."

"दर येळी म्हंजे किती? लिवलंय का?"

"लिवायला कशाला पायजे? मला डोळे हायेत की."

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "दहा वाजून एकेचाळीस," म्हणाले आणि गेले.

पांढऱ्या पायाची म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आमची गाभण म्हैस मेली आणि सासऱ्यांना अर्धांग झालं. पाच वर्षं मी तो शब्द ऐकला. घरातून कुणी चांगल्या कामाला निघालं की मी आपणहून गोठ्यात जाऊन उभी राहायची, म्हणजे माझं तोंड नको दिसायला. हे सगळं मला माहीत असून मी बोलले. रागात बोलले असंही नाही. लोक हसतील म्हणून बोलले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर आले ते नवी वही घेऊन. खोलीत आले नाहीत. ओट्याखाली उभं राहून वैशालीला म्हणाले, "पोरी, दहा दिवस. एक दिवस मी येतो, एक दिवस येत न्हाई. तू फकस्त मशीन कवा बंद पडती ते लिव. घड्याळ बघून लिव. अंदाजानं न्हाई."

मी म्हटलं, "आन ह्या दहा दिवसांत धंदा कुणी करायचा?"

"धंदा चालूच ठिवा वहिनी. धंदा बंद केला तर सबूत कशाचा?"

मग ते एक दिवसाआड आले. यायचे, बसायचे, चहा घ्यायचे, बोलायचे, पण कामावर आल्यासारखे. नेहमीइतकंच बोलायचं असं त्यांनी ठरवलेलं होतं, म्हणून बोलायचं नसलं तरी बोलायचे. एकदा खोलीत एकच गिऱ्हाईक होतं आणि तेही बहिरं. त्याला त्यांनी वीस मिनिटं फीडर समजावून सांगितला.

दहा दिवस झाले. त्यांनी वैशालीची वही आणि आपली वही जवळ ठेवली, चष्मा लावला आणि भरल्या खोलीत सांगितलं, "मी आलो त्या पाच दिवसांत नऊ येळा बंद पडली. न्हाई आलो त्या पाच दिवसांत एकदा. वहिनी बरोबर हायेत. माज्यामुळंच बंद पडती."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. मी गिऱ्हाइकांकडं बघून म्हटलं, "बगा, मी म्हटलंच व्हतं."

"पण का?" ऑपरेटर म्हणाले. "ते अजून बघायचंय. आन ती एक येळ, मी नसताना बंद पडली ती. तवा काय चाललं व्हतं पोरी?"

वैशालीनं आठवून सांगितलं. चारठाण्याचा एक म्हातारा सोयऱ्याकडं आलेला होता, त्याचा फॉर्म चालू होता. आधार कार्ड सापडत नव्हतं. त्यानं बनियनचा खिसा बघितला, पटक्याची घडी बघितली, पिशवीतली पिशवी काढली, तिच्यातली आणखी एक पिशवी काढली. तेवढा वेळ वैशाली हात बांधून बसलेली. कार्ड सापडलं तेव्हा मशीन गेलेली.

ऑपरेटरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "एका येळी एकच."

पहिल्या दिवशी ते आले, पण तोंड उघडलं नाही, आणि वैशालीनं काम थांबवायचं नाही, चहासुद्धा करायचा नाही, असं ठरलं. मशीन चालली. दुसऱ्या दिवशी ते आले आणि हवं तेवढं बोलले, पण वैशालीनं मान वर करायची नाही. मशीन चालली. तिसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. वैशालीला सांगून ठेवलं होतं, की दहा सतराला काम सोडून उठ, चहा टाक, भांडी घास, अर्ध्या तासानं ये. ती अर्ध्या तासानं आली. मशीन थिजलेली.

संध्याकाळी वैशालीनं त्यांना जाऊन सांगितलं. ते तिच्याबरोबरच आले आणि ओट्याखाली उभे राहिले.

"माणसाचा दोष न्हाई," ते म्हणाले. "कामात असली की चालती. रिकामी ठिवली की बंद पडती. परभणीवाल्यानं चार दिवस शिनेमे लावले, तिला रिकामं ठिवलंच न्हाई. मग बंद कशी पडावी?"

मला पटलं नाही. "बैल कामानं थकतो," मी म्हटलं. "रिकामं बसून कुणी मरतंय का?"

"सबस्टेशनात व्हतंय वहिनी. लोड आसतो तवर समदं ठीक. लोड उतरला की पंचायती. फीडर बंद करायला काय लागतंय? परत चालू करताना खरी गंमत. चालू झाला म्हणावं, तर लोडच उचलत न्हाई."

वैशालीनं मोबाइलवर शोधलं. तशा तक्रारी पुष्कळ लोकांच्या होत्या. तिनं वाचून दाखवलं ते मला समजलं ते असं. मशीनच्या आत प्रोसेसर म्हणून असतो, सगळा विचार तोच करतो. काम नसलं की तो बॅटरी वाचवायला एकेक भाग बंद करत जातो, गाढ झोपतो. काम आलं की त्यानं उठायचं असतं. काही मशिनींत तो उठतच नाही.

ऑपरेटरांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. सोनं सापडल्यासारखा. "म्हंजे भारनियमन," ते म्हणाले. "आपलं आपणच सप्लाय घेतंय. गेलेली न्हाई पोरी, घेतलेली हाय. मदरबोर्डला काई झालेलं न्हाई."

मोबाइलवर दोन उपाय सांगितले होते. वैशाली म्हणाली, दोन्ही करून टाकू. ऑपरेटरांनी डोळे वटारले. मग एक केला. मशीनच्या सेटिंगमध्ये बॅटरी वाचवायचं बंद केलं. ती रिकामी ठेवली. पाऊण तासानं थिजली.

"आता तो बदल मागं घे."

"काका, ऱ्हाऊ द्या की तो. त्यानं काय बिघडायलंय?"

"बिघडत न्हाई. पण दुसऱ्यानं दुरुस्त झाली तर पयल्याचा हात व्हता का न्हवता, कसं कळंल?"

तो मागं घेतला. मग दुसरा. मशीन चालू होता होता एक बटण दाबत राहायचं, म्हणजे नेहमीचा पडदा न येता एक निळा पडदा येतो, नुसत्या अक्षरांचा. त्यात खोल कुठंतरी प्रोसेसरला गाढ झोपू द्यायचं की नाही अशी एक ओळ असते. ती वैशालीला सापडेना. ऑपरेटर दाराबाहेरून, एक हात मागं धरून, तिला एकेक पान वाचायला लावत होते. त्यांना इंग्रजी तिच्यापेक्षा कमी येतं, पण न समजलेलं सोडून पुढं जायचं नाही हे जास्त येतं. शेवटी ती ओळ सापडली. 'चालू' होतं, तिथं 'बंद' केलं.

"बॅटरी लौकर उतरंल," ते म्हणाले. "मशीन जरा तापंल. ते चालंल."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून परीक्षा घेतली. मशीन टेबलावर उघडी, कुणी हात लावायचा नाही. मी पुढ्यात बसून लक्ष ठेवायचं. ऑपरेटर समोरच्या शिंप्याच्या फळीवर बसले. "मी आत आलो तर परत शंका ऱ्हाईल," म्हणाले. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत मी एका लॅपटॉपचं तोंड बघत बसले. जन्मात मी कुणाचं इतका वेळ तोंड बघितलं नाही, मालकांचंही नाही. दर तासाला रस्त्यापलीकडून हाक यायची.

"वहिनी, चालू हाय का?"

"हाय."

"घड्याळाचा काटा हलायलाय का त्याच्यावरचा?"

"हलायलाय म्हटलं की!"

ते लिहायचे. दुपारी जेवायला या म्हटलं, तर शिंप्याकडं डबा आणलेला होता. येणारेजाणारे विचारायचे, काय चाललंय. शिंपी सांगायचा, म्हातारी मशीनला राखण बसलीय आणि म्हातारा म्हातारीला.

पाच वाजता ते रस्ता ओलांडून आले. उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल टाकलं, उजव्या हाताच्या एका बोटानं माउस ढकलला. बाण हलला.

"दुरुस्त," ते म्हणाले. वेळ लिहिली, वहीत तिच्याखाली आडवी रेघ मारली. वैशाली चहाला उठली तर म्हणाले, "आज नगं." आणि तिच्याशी दारात दोन शब्द बोलून गेले. मी ते ऐकले नाहीत. मी कंबर धरून उठत होते.

त्यानंतर मशीन एकदाही थिजली नाही. पीकविम्याचे उरलेले दिवस नीट गेले. स्टँडकडं गेलेली माणसंही परत आली. खोलीत खटाखट काम. येतो, अंगठा देतो, पावती घेतो, जातो. मी खूश होते.

ऑपरेटर येत नाहीत हे मला पोळ्यापर्यंत जाणवलं नाही. जाणवलं नाही म्हणजे, बरं वाटत होतं. शेवटी वैशालीच म्हणाली, "आत्या, काका त्या दिवसापासून आलेच न्हाईत."

"कामात आसतील."

"कसलं काम हाय त्यांना?"

मग तिनं सांगितलं, त्या दिवशी दारात ते काय म्हणाले होते. म्हणाले होते, "पोरी, दोष मशीनचा व्हता, ते सुटलं. पण दोन्ही वह्या लावून बगितल्या तर मी आलो की तुजं काम रोज पस्तीस मिनिटं थांबतंय. सा वर्सं झाली. मला हे ठावं नव्हतं. तुमी कुणी बोललाव न्हाई."

"मग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणणार? आकडा खराच व्हता."

वैशालीचा स्वभाव माझ्यासारखाच आहे. आकडा खरा असला की ती गप्प बसते.

मी जायला पाहिजे होतं. दोन घरं आणि एक गटार, एवढंच अंतर. आज जाईन म्हटलं, गुडघा दुखत होता. उद्या म्हटलं, उद्या पाहुणे आले. खरं म्हणजे जाऊन काय बोलायचं ते मला येत नव्हतं. माझ्या सासूनंही मला कधी 'चुकलं' म्हटलं नाही. मरताना फक्त आपल्या पाटल्या माझ्या हातात दिल्या. आमच्याकडं ती रीतच नाही. एकदा ते गिरणीवर भेटले. मी म्हटलं, "औंदा ज्वारी किडकी हाय." ते म्हणाले, "हाय खरी." एवढंच बोलून दोघं आपापल्या डब्याकडं बघत उभे राहिलो. गिरणीच्या आवाजात तसंही कोण काय बोलणार.

शांता असती तर तिनंच मला खडसावलं असतं. तिला माझी भीती नव्हती.

नोव्हेंबर लागला. या महिन्यात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. मशीनवर अंगठा टेकवायचा, माणूस जिवंत आहे असं तिकडं कळतं, पेन्शन पुढं चालू राहते. गेली सहा वर्षं ऑपरेटरांचा दाखला चहा पिता पिता होऊन जायचा. या वेळी ते रांगेत आले. पुढं सहा माणसं होती. मी म्हटलं, "भावजी, तुमी फुडं या." ते म्हणाले, "नंबरानं येऊ द्या वहिनी." कागद पिशवीतून आधीच काढून हातात धरलेले. आधार वर, पेन्शनचा कागद खाली, मोबाइलवर येणारा नंबर चटकन वाचता यावा म्हणून चष्मा डोळ्यावर. कुणाचा वेळ जायला नको, एवढी सगळी तयारी.

त्यांचा नंबर आला. वैशालीनं अंगठ्याची मशीन पुढं केली. त्यांनी अंगठा टेकवला. लागला नाही. पुसून टेकवला, लागला नाही. म्हातारपणी रेघा झिजतात, पुष्कळांचं होतं. तर्जनी लावली, मधलं बोट लावलं. दर वेळी मशीन विचार करायची आणि नाही म्हणायची. मागची माणसं काही बोलत नव्हती, तरी ऑपरेटरांच्या कपाळावर घाम आला. ते मागं वळून म्हणाले, "माफ करा बरं का. आमचं आसं व्हायलंय."

पाचव्यांदा नाही लागला, तसे ते कागद गोळा करायला लागले. "पोरी, मागच्यांना घे. मी उद्या येतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी येतो, म्हंजे कुणाचं काम थांबणार न्हाई."

"काका, बसा दोन मिनिटं, बोटाला खोबरेल लावून बगू."

"नगं, नगं. मागं माणसं हायेत."

मी उठले. सहा वर्षं जे स्टूल भिंतीजवळ असायचं, त्याच्यावर आता प्रिंटरच्या कागदाचे गठ्ठे ठेवलेले होते. ते मी खाली ठेवले. स्टूल पदरानं पुसून त्यांच्या पुढ्यात सरकवलं. वैशालीला म्हटलं, "काम ठिव. चहा टाक." तिनं माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता उठली. मागची चार माणसं माझी ओळखीची होती. त्यांच्यातलं कुणी चूं करणार नाही हे मला माहीत होतं.

"बसा भावजी," मी म्हटलं.

ते बसले नाहीत. रांगेकडं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग मला विचारलं, "किती मिनिटं बसू?"

टोमणा नव्हता. टोमणा त्यांना मारता येत नाही. लॅपटॉपची बॅटरी किती पुरेल असं विचारावं तसं विचारलं. सोनपेठात माझ्या तोंडाला लागायला माणसं भितात. पण जो शब्द सांगायचा होता तो चार महिने झाले तरी तोंडात तयार नव्हता. चहा आला. मी कप त्यांच्या हातात दिला आणि जमलं तेवढं म्हटलं, "बसा की हो. मोजू नगा."

"मोजल्याबिगर लय झालं ते कसं कळावं वहिनी," ते म्हणाले, आणि तो कढत चहा उभ्याउभ्याच पिऊन त्यांनी मागच्या माणसाला जागा करून दिली.